डोळ्यांसाठी उभे केलेले खांब

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या ओसरीबाहेर, डाव्या टोकाच्या भिंतीवर, सत्तावीस ओळींचा एक संस्कृत शिलालेख आहे. ऊनपावसाने त्याची बरीच अक्षरे खाल्ली आहेत. जी उरली त्यांत वाकाटक राजांची वंशावळ आहे, राजा हरिषेणाची स्तुती आहे आणि हे लेणे भिक्षुसंघाला ज्याने दान दिले त्या वराहदेव नावाच्या सचिवाचा परिचय आहे. मग लेण्याचे वर्णन सुरू होते. गवाक्षे, दारे, चित्रांच्या वीथी, अप्सरांच्या मूर्ती असे एकेक सांगत लेखाचा कवी खांबांपाशी येतो आणि त्यांना मनोहर म्हणतो.

राज्यकारभार सांभाळणाऱ्या माणसाने दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या दानाचे मोल सांगताना खांबांची आठवण ठेवावी, याचे मला फार अप्रूप वाटते. खांबाचे काम तसे साधे आहे. वरचा भार घ्यायचा आणि खाली जमिनीत पोचवायचा. त्यासाठी ओबडधोबड ओंडकाही पुरतो. मग माणसाने खांबावर इतका जीव का लावला? हा प्रश्न हाती धरला की वाट वाशीमहून निघते, अथेन्सला जाते, कार्ल्याला थांबते, अजिंठ्यात रेंगाळते आणि पुन्हा वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरला येऊन पोचते.

वाशीमपासून निघायचे कारण असे की वराहदेवाच्या राजाची राजधानी तिथे होती. आजचे वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. अकोल्यातून वेगळा काढलेला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला, पण गावाची थोरवी चौथ्या शतकापासूनची. सम्राट पहिला प्रवरसेन गेल्यावर वाकाटकांच्या राज्याच्या वाटण्या झाल्या आणि त्याचा मुलगा सर्वसेन याने वत्सगुल्मात गादी मांडली. हा राजा स्वतः कवी होता. ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य त्याचे. पुढे काही शतकांनी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावले, ते याच वत्सगुल्मात. विदर्भातल्या एका गावाला साहित्यशास्त्राच्या ग्रंथात असा मान मिळाला आहे, हे प्रत्येक वाशीमकराला ठाऊक असायला हवे.

तरीही ही शाखा इतिहासातून जवळपास पुसली गेली होती. अजिंठ्याचा तो लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वाचला, नंतर गेऑर्ग ब्यूलर यांनी वाचला. पण झिजलेल्या अक्षरांतून वत्सगुल्मच्या राजांची नावे नीट उलगडली नाहीत. मग १९३९ साली वाशीमला एक ताम्रपट उजेडात आला. सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याने नांदेडकडच्या मुलखातले एक गाव ब्राह्मणांना दान दिल्याचा तो दस्तऐवज. त्यात प्रवरसेन, त्याचा मुलगा सर्वसेन, त्याचा मुलगा विंध्यशक्ती अशी ओळ स्पष्ट कोरलेली होती. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी तो आधार घेऊन अजिंठ्याच्या भिंतीवरची अक्षरे पुन्हा तपासली, आणि सर्वसेनाचे नाव आपल्या जागी जाऊन बसले. अजिंठ्याचा हरिषेण हा वाशीमच्या गादीवरचा राजा ठरला. वाशीम ते अजिंठा हे अंतर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरहून थोडे अधिक; ते जोडायला तांब्याचे पत्रे लागले.

भाऊ दाजींनी अजिंठ्याच्या लेखांवरचे आपले काम १८६०च्या दशकात मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले. या सोसायटीचे घर म्हणजे १८३३ साली पूर्ण झालेला टाऊन हॉल. तीस पायऱ्या चढून गेल्यावर समोर जे पन्हाळीदार, जाडजूड, पांढरे खांब उभे राहतात, ते ग्रीकांच्या डोरिक घाटाचे आहेत. वाकाटकांच्या मनोहर खांबांची बातमी आधुनिक जगाला मिळाली, ती ग्रीक खांबांच्या सावलीतून. महाराष्ट्रात राहून ग्रीक खांब पाहायचा असेल तर याहून सोयीची जागा नाही.

ग्रीकांनी खांबाचे मुख्यतः तीन घाट ठरवले आणि शतकानुशतके तेच घासूनपुसून नेमके केले. डोरिक सर्वांत जुना आणि सर्वांत करारी. त्याला बैठक नसते. खांब थेट चौथऱ्यावर उतरतो. अंगावर बहुधा वीस उभ्या पन्हाळी, पन्हाळींच्या मधल्या कडा धारदार. माथ्याला एक पसरट गोल उशी आणि तिच्यावर चौकोनी पाट. बस्स, इतकेच. अथेन्सच्या पार्थेनॉनच्या बाहेरच्या रांगेत असे ४६ खांब आहेत, प्रत्येक सुमारे साडेदहा मीटर उंच, पेंटेली डोंगराच्या संगमरवराचे. इसवी सनापूर्वी ४४७ मध्ये या देवळाचे काम सुरू झाले.

पार्थेनॉनची खरी नवलाई मोजपट्टी लावल्यावर कळते. हे खांब सरळसोट निमुळते होत जात नाहीत. मध्यावर ते किंचित फुगलेले आहेत. ते उभेही काटकोनात नाहीत, सगळे जरासे आत कललेले आहेत. कोपऱ्यांतले खांब बाकीच्यांपेक्षा थोडे जाड, कारण कोपऱ्यातल्या खांबामागे उघडे आकाश असते आणि उजेडात तो बारीक दिसतो. ज्या चौथऱ्यावर हे सारे उभे आहे तोही मध्यभागी काही सेंटीमीटर वर उचललेला आहे. दगडाच्या या वळणांनी छप्पर अधिक मजबूत झाले असे नाही. ही सगळी खटपट पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. हजारो टन संगमरवर घडवताना त्या कारागिरांनी वीतभराची नव्हे, बोटभराची काळजी घेतली, ती नुसती आपल्याला खांब जिवंत वाटावा म्हणून. किंचित फुगलेला खांब भार घेतल्यासारखा दिसतो. काठोकाठ सरळ खांब मेल्यासारखा.

दुसरा घाट आयोनिक. तो बारीक अंगाचा, खाली गोल बैठक, पन्हाळी चोवीस, आणि माथ्याला दोन्ही बाजूंना गुंडाळी झालेली. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहिणारा रोमन स्थपती विट्रुव्हियस म्हणतो की डोरिक पुरुषाच्या प्रमाणांवर बेतला आणि आयोनिक स्त्रीच्या. कथा गोड आहे, पण मला या घाटाची अडचण जास्त आवडते. गुंडाळीच्या माथ्याला समोर आणि बाजू असा भेद असतो: समोरून दोन चक्रे दिसतात, बाजूने नुसती वळकटी. मग देवळाच्या कोपऱ्यातल्या खांबाने काय करायचे? तो तर दोन रस्त्यांकडे तोंड करून उभा. तिथे ग्रीकांनी कोपऱ्यावरचे चक्र ओढून तिरपे बाहेर काढले, म्हणजे दोन्हीकडून समोरचीच बाजू दिसेल. युक्ती साधली, पण ताण दिसतोच.

तिसऱ्या घाटाने, कोरिंथियनने, हा पेच मुळातून सोडवला. त्याच्या माथ्यावर चारही बाजूंनी अकॅन्थस या काटेरी झुडपाची पाने उमलतात, त्यामुळे कुठूनही पाहा, चेहरा एकच. विट्रुव्हियस याची जन्मकथा सांगतो: कोरिंथ नगरात एक तरुण मुलगी वारली, तिच्या दाईने मुलीच्या आवडीच्या वस्तू टोपलीत भरून थडग्यावर ठेवल्या, वर झाकण म्हणून एक कौल ठेवले. खाली अकॅन्थसचे मूळ होते. वसंतात पाने फुटली, टोपलीच्या अंगाने वर चढली आणि कौलाच्या कोपऱ्यांशी अडून बाहेर वळली. तिथून जाणाऱ्या कॅलिमाखस नावाच्या शिल्पकाराने ते पाहिले. कथा खरी असो वा नसो, तिच्यात एक पक्के तांत्रिक निरीक्षण दडले आहे. खाली गोल टोपली, वर चौकोनी कौल, आणि दोहोंच्या मधली जागा भरणारी पाने.

इथे सगळ्या खांबांचे मर्म आहे. खांब बहुधा गोल असतो आणि तुळई चौकोनी. गोलातून चौकोनात जायचे कसे? डोरिकने उशी फुगवली, आयोनिकने गुंडाळी घातली, कोरिंथियनने पाने वाढवली. भार जिथे तुळईतून खांबात उतरतो त्या वीतभर जागेत कारागिराने आपली सारी बुद्धी ओतली.

आता याच पेचाकडे आपल्या बाजूने पाहू. हरिषेणानंतरच्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिता’ लिहिली. तिच्या वास्तुविद्येच्या अध्यायात खांबांची नावे येतात, आणि ती सजावटीवरून दिलेली नाहीत, पैलूंवरून दिली आहेत. चौकोनी तो रुचक, आठ पैलूंचा वज्र, सोळा पैलूंचा द्विवज्र, बत्तीस पैलूंचा प्रलीनक आणि गोल तो वृत्त. या क्रमात दगड घडवण्याची रीत सांगितलेली आहे. चौकोनी ठोकळ्याचे चार कोपरे छाटले की आठ पैलू होतात, त्या आठ कडा छाटल्या की सोळा, सोळांच्या बत्तीस, आणि मग कडा इतक्या बोथट होतात की हात फिरवला की गोलच लागते. सुतार चौकोनी फळीतून काठी गोल करतो तेव्हा आजही हेच करतो. वराहमिहिर पुढे खांबाच्या उंचीचे नऊ भाग करतो आणि कोणत्या भागात वहन, कोणत्या भागात घट, कुठे पद्म यायचे ते सांगतो. विट्रुव्हियसची आणि त्याची भेट होण्याचा संभव नव्हता, तरी दोघे एकाच प्रकारचे हिशेब मांडत बसले होते.

ग्रीकांच्या खांबाने पायापासून माथ्यापर्यंत गोल राहून शेवटच्या हातभर अंतरात चौकोनाशी तडजोड केली. आपल्या कारागिराने तो सगळा प्रवास खांबाच्या अंगावर उघडा मांडला: खाली चौकोन, मग आठ पैलू, मग सोळा, मग गोल, आणि वर जाताना पुन्हा चौकोन. खालून वर नजर फिरवली की खांब घडताना दिसतो.

याचा सर्वांत सुंदर पुरावा विदर्भाच्या उत्तरेला, विदिशेजवळच्या बेसनगरात उभा आहे, आणि तो एका ग्रीक माणसाने उभारला. तक्षशिलेचा हेलिओदोर हा अंतलिकित राजाचा दूत म्हणून इथे आला होता. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस त्याने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला. त्या खांबाचा खालचा भाग अष्टकोनी आहे, त्यावर सोळा पैलू, मग बत्तीस, मग गोल. ज्याच्या पूर्वजांच्या मायभूमीत पार्थेनॉन उभे होते, त्याने दान देताना पन्हाळी पाडल्या नाहीत, गुंडाळ्या वळवल्या नाहीत. ज्या देवाला खांब दिला त्या देवाच्या गावची रीत धरली.

महाराष्ट्रात तर असे दाते ढिगाने भेटतात. कार्ल्याचे चैत्यगृह पाहा. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले हे काम. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने ते घडवले आणि साऱ्या जंबुद्वीपात हे सर्वोत्तम असे दगडावर लिहवूनही घेतले. आत ३७ खांब आहेत. दोन्ही हातांच्या रांगांतल्या खांबांना खाली कलशाची बैठक, मधे अष्टकोनी दंड, वर उमललेल्या घंटेसारखे पालथे कमळ, त्यावर पायऱ्यापायऱ्यांचा पाट आणि सर्वांत वर बसलेले हत्ती, हत्तींवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या. स्तूपामागचे सात खांब मात्र साधे, अष्टकोनी, बिनसजावटीचे. यांतले अनेक खांब वेगवेगळ्या लोकांनी दान दिले आणि प्रत्येकावर दात्याचे नाव कोरले. त्यांत धेनुकाकट गावचे कितीतरी जण आहेत, आणि त्यांपैकी अनेकांनी स्वतःला यवन म्हणवले आहे. यवन म्हणजे मुळात आयोनियाचा माणूस. तोच आयोनिया, जिथला आयोनिक खांब. हे लोक थेट ग्रीक होते, ग्रीकांचे वंशज होते की पश्चिमेकडून आलेले इतर व्यापारी, यावर विद्वानांत वाद आहेत. नावे त्यांची धर्म, सिंहध्वज अशी इथलीच झालेली. त्यांच्या खांबांवर गुंडाळ्या आणि अकॅन्थस शोधून सापडत नाहीत. यवनाने दिलेला खांब आणि शेजारी इतर कुणी दिलेला खांब, दोन्हींवर तेच कमळ आणि तेच हत्ती.

ग्रीक घाट उपखंडात आलाच नाही असे नाही. तक्षशिलेच्या जंडियाल देवळाला आयोनिक खांब होते, आणि गांधारच्या स्तूपांवर कोरिंथियन पानांच्या मधोमध चक्क बुद्ध बसलेला दिसतो. पण सह्याद्रीपर्यंत तो उतरला नाही. इथल्या कारागिराकडे स्वतःची उत्तरे तयार होती.

ही उत्तरे त्याला लाकडाने शिकवली होती. कार्ल्याच्या कलशबैठकीचे मूळ अनेक अभ्यासक लाकडी खांबात पाहतात: वाळवी आणि ओल लागू नये म्हणून लाकडी खांबाचा पाय भांड्यात ठेवायची जुनी चाल. भाज्याच्या चैत्यगृहातले खांब आत कललेले आहेत. लाकडी घरात कमानदार छपराचा बाहेर पडणारा रेटा सोसायला खांब असे तिरपे रोवावे लागतात. डोंगरात कोरलेल्या घराला त्याची काही गरज नव्हती, तरी कारागिराने तो कल दगडात उतरवला. कार्ल्याच्या छताला तर खऱ्या सागवानी कमानी अजून आहेत. ग्रीसमध्येही अगदी हेच. डोरिक देवळाच्या पट्टीवर जे तीन उभ्या दांड्यांचे ठोकळे ओळीने दिसतात ती लाकडी तुळयांची टोके, आणि त्यांखालचे दगडी थेंब म्हणजे लाकडी खुंट्या, असे बहुतेक जण मानतात. ऑलिंपियाच्या हेरा देवीच्या देवळात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा प्रवासी गेला, तेव्हाही त्याला एक खांब ओकच्या लाकडाचा दिसला. बाकीचे जसे कुजले तसे एकेक करून दगडात बदलले होते, म्हणून त्या देवळाच्या खांबांचे माथे एकमेकांशी जुळत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या देऊळ उभेच आहे आणि एकेक खांब लाकडाचा दगड होतो आहे, ही कल्पनाच विलक्षण.

आता अजिंठ्यात शिरू. दहावे लेणे इथल्या सर्वांत जुन्यांपैकी, इसवी सनापूर्वीचे. खांब साधे अष्टकोनी, ना बैठक ना माथा. २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि जॉन स्मिथ हे नाव खरवडलेले आहे ते याच लेण्यातल्या एका खांबावर. वाघाच्या शिकारीला आलेल्या त्या इंग्रज अधिकाऱ्याने खांबावरच्या रंगवलेल्या आकृतीवर आपली सही केली, याचा आजही राग येतो.

त्या साध्या खांबांपासून हरिषेणाच्या काळापर्यंत पाचसहाशे वर्षे गेली, आणि पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाघूर नदीच्या वळणावर अचानक खांबांना बहर आला. पहिल्या लेण्याच्या दालनात वीस खांब आहेत. हे लेणे खुद्द हरिषेणाचे असावे असे अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांचे मत. चौकोनातून अष्टकोन, अष्टकोनातून सोळा पैलू, मग पन्हाळी. काही खांबांवर पन्हाळी सरळ न जाता पीळ घेत वर चढतात. त्यावर आवळ्यासारखी पाकळ्यापाकळ्यांची दबलेली उशी, जणू वरच्या ओझ्याने चेपून बाजूंना फुगली आहे. आणि त्यावर दोन्हीकडे झेपावणारे हस्त, म्हणजे तुळई धरणारे दगडी हात, त्यांच्यावर उडणारी जोडपी, बुद्धचरित्रातले प्रसंग. एका खांबाच्या माथ्यावर चार हरणे आहेत आणि त्या चौघांना मिळून डोके एकच. कोणत्याही हरणाकडे पाहा, डोके त्याचेच वाटते. त्या कारागिराचे नाव कुणाला माहीत नाही.

या साऱ्या खांबांची एक गोष्ट उमगली की माणूस थक्क होतो. ग्रीकांनी खांब खालून वर रचला: एकेक गोल तुकडा दुसऱ्यावर चढवला, मधे लाकडी खुंटी ठेवून जोड बसवला, आणि पन्हाळी खांब उभा झाल्यावर कोरल्या. सिसिलीतल्या सेजेस्टाचे देऊळ अर्धवट राहिले, म्हणून तिथले खांब अजून बिनपन्हाळीचे, गुळगुळीत उभे आहेत. अजिंठ्याचा कारागीर वरून खाली आला. आधी छत, मग खांबाचा माथा, मग दंड, शेवटी पाय. त्याने खांब उभा केलाच नाही. आजूबाजूचा डोंगर काढून टाकला आणि खांब मागे ठेवला. चोविसावे लेणे अर्ध्यावर राहिले. ते पूर्ण झाले असते तर अजिंठ्यातल्या सर्वांत मोठ्या विहारांत मोडले असते. तिथे डोंगरातून अजून पूर्ण न सुटलेले चौकोनी ठोकळे पाहिले की ही रीत डोळ्यांसमोर उभी राहते. हरिषेण गेला, त्याचे राज्य ढासळले, पैसा आटला, आणि छिन्न्या थांबल्या.

डोंगरातून सुटलेल्या खांबावर भार किती? फार थोडा. वर एकसंध काळा पाषाण आहे, बहुतेक ओझे तो स्वतःच बाजूच्या भिंतींवर पेलतो. घारापुरीच्या मोठ्या लेण्यातले कितीतरी खांब मोडले होते. दंड नाहीसा झालेला आणि माथा छताला लोंबत राहिलेला, असे तिथले जुने चित्र आहे, आणि छत जागचे हलले नाही. मात्र डोंगरावर सरसकट भरवसा टाकता येत नाही. अजिंठ्याचे चौथे लेणे सर्वांत मोठा विहार, दालनात २८ खांब. ते कोरताना खडकातल्या सदोष थराने दगा दिला आणि छताचा मोठा भाग कोसळला. कारागिरांनी राडारोडा काढून छत आणखी वर नेले आणि काम पुढे रेटले. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, त्या थरांच्या सांध्याशी पाचव्या शतकातल्या माणसाची अशी गाठ पडली.

तरी एकंदरीत खरे हेच की वत्सगुल्मच्या राजाच्या खांबांना ओझे नव्हते. आणि ज्याला ओझे नाही त्याला काहीही होता आले असते: झाडाच्या खोडाइतके वेडेवाकडे, दोरीसारखे बारीक, किंवा अजिबात नसले तरी चालले असते. कारागिराने मात्र त्याला भार वाहायला लावले. उशी चेपलेली दाखवली, हस्त ताणलेले दाखवले. सोळाव्या लेण्यात, त्याच वराहदेवाच्या लेण्यात, पुढच्या पडवीच्या छताकडे पाहा. तिथे दगडातच तुळया आणि कड्या कोरल्या आहेत. खोट्याच, डोंगराला तुळई कशाला? आणि त्या खोट्या तुळयांच्या टोकांखाली पोट सुटलेले छोटे गण हात वर करून, खांदा लावून, ओझ्याखाली वाकलेले. ज्या भाराचे अस्तित्वच नाही तो पेलायला ते दीड हजार वर्षे उभे आहेत. आता लेखातला तो मनोहर शब्द मला कळल्यासारखा वाटतो. पार्थेनॉनच्या कारागिराने खरा भार पेलणारा खांब घेतला आणि डोळ्यांसाठी त्याला किंचित फुगवले. अजिंठ्याच्या कारागिराने डोळ्यांसाठीच खांब घेतला आणि त्याला भार दिला. छपराखाली शिरणाऱ्या माणसाला ते छप्पर कुणी धरले आहे हे दिसावे लागते; त्याशिवाय त्याचे मन स्वस्थ बसत नाही. दोघांनीही हे ओळखले होते. रंगही दोघांनी दिला होता. अजिंठ्याच्या खांबांवर गिलावा आणि चित्रे होती, आणि ग्रीक देवळांच्या माथ्यापट्ट्यांवर निळे-तांबडे रंग. आज दिसणारा पांढरा संगमरवर हा काळाने धुऊन काढलेला.

पुढच्या शतकांत वेरूळच्या लेण्यांत खांबाच्या माथ्यावर घटपल्लव आला: भरलेला घट, त्याच्या तोंडातून उसळून चारही कोपऱ्यांवर ओघळणारी पाने. खाली गोल घट, वर चौकोनी पाट, कोपरे भरणारी पालवी. कोरिंथच्या थडग्यावरच्या टोपलीने जे केले तेच मंगलकलशाने केले. एकाने दुसऱ्याचे पाहून केले असे म्हणायचे कारण नाही. गोलातून चौकोनात जायचे गणित दोन्हीकडे तेच होते आणि दोन्हीकडच्या माणसांना पालवीचा मोह होता.

आणि मग खांब डोंगरातून बाहेर पडून मैदानात आला. यादवकाळातल्या ज्या बांधणीला आपण हेमाडपंती म्हणतो तिची देवळे विदर्भभर विखुरली आहेत. लोणारचे दैत्यसूदन शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात. वाशीम जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातले शिरपूर, अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र. इथली मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी जैन भाविकांची श्रद्धा. देवाला भारच नाही. त्याच गावच्या शिवारात काळ्या पाषाणाचे जुने पवळी मंदिर आहे, आणि त्या बांधणीतल्या खांबांना मात्र भार आहे, तोही अस्सल. इथे डोंगर मदतीला नाही. घडीव चिरे चुन्याशिवाय एकावर एक बसवायचे आणि तोल वजनावरच सोडायचा. अथेन्सच्या स्थपतीला जी अडचण होती तीच इथल्या पाथरवटाला: दगड दाब कितीही सोसतो, पण आडवा ठेवून वर ओझे दिले की पोटाशी ताण येऊन मधोमध तडकतो. म्हणून दगडी तुळई लांब टाकता येत नाही आणि खांब जवळजवळ घ्यावे लागतात. ग्रीकांनी हे अंतर मान्य केले आणि खांबांची दाट रांग हेच देवळाचे रूप केले. आपल्याकडच्या पाथरवटाने खांबाच्या माथ्यातून चारही दिशांना हस्त काढले, म्हणजे तुळई दोन्ही बाजूंनी हातभर आत धरली जाते आणि उघडी लांबी कमी होते. वर घुमट करायचा तर चौकोनाचे कोपरे तिरप्या चिऱ्यांनी कापत अष्टकोन, मग आणखी लहान वर्तुळे, एकेक थर पुढे सरकवत मध्यापर्यंत.

असा खांब पाहताना खालून सुरुवात करावी. चौकोनी बैठक, तिच्या वर कधी मूर्तीचा कोनाडा, कधी नुसती भौमितिक पट्टी. मग अष्टकोन, वराहमिहिराचा वज्र. मग एकावर एक बसवलेल्या गोल चकत्यांसारखे दंडाचे कापीव थर, चरकावर धरून काढावेत इतके नेमके. त्यावर पुन्हा चौकोन, आणि चौकोनातून निघालेले चार हस्त. प्रत्येक हस्ताच्या पोटाशी एक कीचक बसवलेला असतो: आखूड पाय, पुढे आलेले पोट, ताणलेले दंड, वर टेकवलेले तळवे. सोळाव्या लेण्यातल्या गणांचाच तो वंशज. फरक इतकाच की त्याच्या तळव्यांवर आता टनावारी वजनाची खरी तुळई आहे.